शिलारस जिथे थांबतो, तिथे दगड ठरतो

बांधकामावर येणाऱ्या काळ्या खडीतला एक तुकडा उचलून त्याची ताजी फुटलेली कड पाहा. डोळ्यांना कण असे दिसतच नाहीत, सगळा एकजीव गर्द करडा दगड. आता स्वयंपाकघरातला ‘ब्लॅक ग्रॅनाइट’चा ओटा पुसून तिरप्या उजेडात पाहा. त्यात सुटे सुटे चमकणारे दाणे दिसतात. दुकानदार त्याला ग्रॅनाइट म्हणत असला, तरी त्यातला बराचसा माल भूवैज्ञानिकांच्या लेखी डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. दक्षिण भारतातल्या खाणींमधून येणारा हा दगड आपल्या खडीपेक्षा कितीतरी जुना आहे. पण दोघांचं रसायन जवळपास सारखं: सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास आणि लोह-मॅग्नेशियम भरपूर. खडीचा बेसॉल्ट जमिनीवर येऊन भराभर थिजला, ओट्याचा दगड जमिनीखालीच अडकून सावकाश थंड झाला. दाणे मोठे व्हायला ओट्याच्या दगडाला वेळ मिळाला, खडीला मिळाला नाही.

मॅग्मा, म्हणजे शिलारस, खालून निघाला आणि थेट वर आला असं क्वचितच होतं. वाटेत तो थांबतो, काही टाकतो, काही उचलतो, आणि बहुतेक वेळा वर पोहोचतच नाही. कुठे थांबला आणि किती काळ थांबला, हे दगडाच्या पोतावरून आणि रसायनावरून कळतं. त्यासाठी महाराष्ट्रापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे ओतलेल्या लाव्हाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. त्यातला मोठा भाग १० लाख वर्षांच्या आत ओतला गेला.

खाली रस नाही, दगड आहे

आधी एक गैरसमज काढून टाकू. कवचाखाली लाव्हाचा समुद्र उसळत नाही. आपल्या पायाखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाडीचं कवच आहे. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण आहे, आणि ते घन आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, त्या प्रावरणातून आरपार जातात, हा त्याचा पुरावा. प्रावरणाखालचा बाह्य गाभा द्रव आहे खरा, पण ते वितळलेलं लोखंड आहे. ज्वालामुखीतून येणारा रस तिथला नव्हे.

प्रावरण घन असलं तरी वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने सरकतं. मग घन खडकाचा रस कसा होतो? याचं उत्तर कुकरमध्ये आहे. कुकरमधलं पाणी दाबामुळे १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. गॅस बंद करून लगेच शिट्टी उचलली, तर आच नसतानाही आतलं पाणी खळाखळा उकळतं, कारण दाब उतरला की उत्कलनबिंदूही उतरतो. खडकाचा वितळणबिंदूही असाच दाबाबरोबर चढतो. प्रावरणाच्या वरच्या भागात दर किलोमीटर खोलीमागे तो ढोबळमानाने ३-४ अंशांनी वाढतो. खालून वर सरकणारा गरम खडक स्वतः मात्र किलोमीटरमागे जेमतेम अर्धा अंश निवतो. म्हणजे वर येताना त्याचं तापमान जवळपास तेवढंच राहतं आणि वितळणबिंदू भराभर खाली येतो. कुठेतरी शंभर-सव्वाशे किलोमीटर खोलीवर दोघांची गाठ पडते आणि खडक पाझरू लागतो. उष्णता बाहेरून कोणी दिलेली नसते.

जपान, इंडोनेशियात प्रकार निराळा आहे. तिथे समुद्रतळाचा खडक खाली घुसताना बरोबर पाणी नेतो, आणि पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो. दख्खनमध्ये काम केलं ते मुख्यतः दाब उतरण्याने. खालून वर आलेला हा गरम खडकाचा लोट आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली असल्याचं बहुतेक संशोधक मानतात. भारत त्यावरून उत्तरेकडे सरकला, लोट मागे राहिला. लक्षद्वीप-छागोसची समुद्रातली डोंगररांग आणि मॉरिशस या त्याच वाटेवरच्या खुणा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि घाटावरून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांना तिथेही पायाखाली काळा बेसॉल्टच मिळाला. तो याच लोटाचा, फक्त कितीतरी अलीकडचा.

खडक सगळा वितळत नाही, ही पुढची महत्त्वाची गोष्ट. बर्फाचा गोळा चोखला की आधी रंगीत सरबत तोंडात येतं आणि काडीला पांढरा बर्फ उरतो. प्रावरणाचा खडकही शेकडा १० ते २० एवढाच वितळतो आणि जो भाग लवकर वितळतो तोच रसात उतरतो. म्हणून मूळ खडक हिरवट, मॅग्नेशियमने गच्च भरलेला आणि त्यातून निघालेला रस मात्र बेसॉल्टचा. हा रस दाण्यांच्या कडांमधून वाट काढतो. शेकडा एक इतकाच रस असला तरी दाण्यांच्या कडांवर त्याचं सलग जाळं तयार होतं आणि तो हळूहळू वर निथरू लागतो.

पहिला मुक्काम: कवचाचा तळ

पाण्याची घनता १ धरली तर प्रावरणाची साधारण ३.३, बेसॉल्टी रसाची २.७ ते २.८. एवढ्या फरकाने रस वर येतो, पाण्यात दाबलेला लाकडाचा ओंडका उसळावा तसा. पण कवच गाठलं की हा फायदा आटतो. कवचाचा तळ २.९-३.० घनतेचा आणि वरचा ग्रॅनाइटी भाग २.७ च्या आसपास, म्हणजे रसाइतकाच हलका. म्हणून रस कवचाच्या तळाशी आणि कवचातल्या मधल्या थरांत तुंबतो.

तुंबला की निवू लागतो, आणि निवताना सगळा एकदम गोठत नाही. १९२० च्या दशकात नॉर्मन बोवेन यांनी भट्टीत खडक वितळवून आणि पुन्हा गोठवून दाखवलं, की खनिजं ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतात. बेसॉल्टी रसातून आधी ऑलिव्हिन, मग पायरॉक्सीन आणि कॅल्शियमवाला फेल्डस्पार. ऑलिव्हिन जड असतं, ते तळाशी बसतं. साधा हिशेब करून पाहा: दोन मिलिमीटर व्यासाचा ऑलिव्हिनचा दाणा, मधापेक्षा थोड्या दाट अशा गरम बेसॉल्टी रसात दिवसाला साधारण दोन मीटर खाली जातो. रस दोन हजारपट दाट असेल तर तोच दाणा दिवसाला एखादा मिलिमीटरच सरकेल. रसातल्या प्रवाहांनी या हिशेबात गोंधळ होतो, पण अंदाज येतो.

तळाशी ऑलिव्हिन बसलं की त्याच्याबरोबर मॅग्नेशियम गेलं. प्रावरणातून थेट आलेल्या रसात मॅग्नेशियम ऑक्साइड १० टक्क्यांहून बरंच जास्त असायला हवं. दख्खनच्या बहुतेक बेसॉल्टमध्ये ते ५ ते ७ टक्केच भरतं. म्हणजे सह्याद्रीत दिसतो तो रस खाली कुठेतरी मुक्काम करून, जडशीळ सामान उतरवून आलेला आहे.

या मुक्कामाचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा हवा असेल तर थळ घाट, मंचर, काशेळे या भागांतला एक खास दगड पाहावा. काळ्या दगडात दोन-दोन, कधी चार-पाच सेंटिमीटर लांबीचे पांढरट फेल्डस्पारचे स्फटिक, चिवड्यात खोबऱ्याचे काप दिसावेत तसे. उघड्यावर वाहणाऱ्या लाव्हात एवढे स्फटिक वाढणं शक्य नाही. स्फटिक ज्या संथ गतीने वाढतात त्यावरून पाहिलं, तर यांना काही शे ते काही हजार वर्षं लागली असावीत. म्हणजे रस तेवढा काळ खाली थांबला होता. फेल्डस्पारची घनता लोहयुक्त रसापेक्षा किंचित कमी किंवा त्याच्याइतकीच असल्यामुळे हे स्फटिक बुडाले नाहीत. ते रस तुंबलेल्या पोकळीच्या, म्हणजे कोठीच्या, छताशी जमले आणि पुढचा उद्रेक झाला तेव्हा रसाबरोबर बाहेर पडले. दख्खनच्या जुन्या, खालच्या थरांत हे थर पुन्हा पुन्हा येतात. कोठी भरली, थांबली, रिती झाली, असं अनेकदा घडल्याची ती नोंद आहे.

थांबलेला रस भिंतीही खरवडतो. कवचाचा ग्रॅनाइट ७००-८०० अंशांना वितळू शकतो आणि शेजारी रस असतो ११००-१२०० अंशांचा. खंडाळा-लोणावळ्याच्या पट्ट्यातल्या बुशे नावाच्या थरसमूहात ग्रॅनाइटी कवचाची भेसळ रसायनातून ठळकपणे दिसते. त्याच्या वरचा, वाई-महाबळेश्वर भागातला आंबेनळी थरसमूह जवळपास निर्भेळ आहे. एकाच प्रदेशात, थोड्याच काळात एवढा फरक कसा? कोठ्यांच्या आणि वाटांच्या भिंतींवर आधीच्या रसाचं अस्तर बसलं असेल किंवा रस मुक्काम कमी करून लवकर वर आला असेल. दोन्ही शक्यता धरून अभ्यास चालू आहे.

भेगेतून वर

घनतेचा फायदा संपला तर शेवटचे काही किलोमीटर रस वर कसा येतो? दाबाने. खालच्या हलक्या रसाच्या स्तंभाचा एकूण जोर वरच्या खडकाला चिरतो, आणि रस त्या चिरेत घुसून तिचं टोक पुढे पुढे फाडत नेतो. जसजसा तो वर येतो तसतसे त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटतात आणि रस आणखी हलका होतो. आइसलँडमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये बार्दारबुंगा ज्वालामुखीखालून निघालेल्या रसाने जमिनीखाली सुमारे ४८ किलोमीटरचा पल्ला दोन आठवड्यांत गाठला. भूकंपमापकांवर त्याचं टोक दिवसागणिक पुढे सरकताना दिसत होतं.

इथे खरा शत्रू थंडी. भेग जितकी अरुंद तितका रस लवकर गोठतो, आणि हे प्रमाण वर्गाचं आहे. एक मीटर रुंदीची भेग दोन-तीन दिवसांत गोठते. दहा मीटर रुंदीच्या भेगेला त्याच्या शंभरपट, म्हणजे वर्षाच्या आसपास काळ लागतो. एक किलोमीटर जाडीच्या कोठीला हजारो वर्षं. म्हणून अरुंद भेगांमधला बराच रस वाटेतच दगड होतो.

भेगेतच गोठलेल्या या उभ्या दगडी पट्टीला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे साक्री भागातून जाताना शेतांच्या मधूनच काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती पूर्व-पश्चिम धावताना दिसतात. कोणी बांधल्यासारख्या वाटतात, पण त्या डाइक आहेत, आजूबाजूचा मऊ दगड झिजून उघड्या पडलेल्या. जवळ जाऊन बघा: भिंतीचा दगड कडेला अगदी बारीक दाण्यांचा, कारण तो थंड खडकाला टेकून झटक्यात गोठला, आणि मध्यभागी दाणे मोठे. दगडाला गेलेल्या तड्यांमुळे तयार झालेले खांब आडवे असतात, सरपण रचून ठेवल्यासारखे. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. भिंत उभी, म्हणून खांब आडवे. जमिनीवर पसरलेल्या आडव्या लाव्हात हेच खांब उभे असतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब सुमारे ६० मीटर उंच आहेत. पन्हाळ्याजवळ बांदिवडे इथेही असे खांब आहेत.

डाइकच्या दिशेवरून त्या वेळी जमीन कुठल्या बाजूला ताणली जात होती हे कळतं, कारण भेग ताणाच्या आडवी उघडते. नर्मदा-तापी पट्ट्यात डाइक पूर्व-पश्चिम, म्हणजे जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. कोकणात बहुतेक उत्तर-दक्षिण, पश्चिम किनारा फाटत असतानाचे. नाशिक-पुणे पट्ट्यात मात्र ते वाटेल त्या दिशेने जातात.

रस कधी उभा न जाता दोन थरांच्या मधे आडवा घुसतो, त्याला सिल म्हणतात. त्यासाठी वेगळे होऊ शकतील असे थर लागतात. सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या चाखला-डेलाखारीला वालुकाश्मात अशी मोठी सिल आहे. आणि जिथे रस मोठ्या प्रमाणावर खालीच राहिला, तिथे गॅब्रोसारखे मोठ्या दाण्यांचे पातालिक खडक होतात. सौराष्ट्रातल्या गिरनारची चढण याच खडकांवर आहे. खूप वेळ निवळत राहिलेला रस सिलिकाने समृद्ध आणि फिकट होतो. मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट त्यातलाच. मुंबईचं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम कुर्ल्याच्या बेसॉल्टबरोबर या मालाडच्या दगडाने बांधलं आहे.

सायीखालची नदी

दख्खनला शंकूच्या आकाराचा एकही मोठा ज्वालामुखी दिसत नाही, आणि लोक मात्र प्रत्येक टोकदार किल्ल्यात ज्वालामुखी शोधतात. हरिश्चंद्रगड काय किंवा राजगड काय, ही आडव्या थरांची पावसाने आणि नद्यांनी कोरलेली उरलीसुरली कातळशिल्पं आहेत. लोणारचं विवर तर ज्वालामुखीचं नव्हेच. ते उल्कापाताने याच बेसॉल्टमध्ये पडलेलं आहे.

लाव्हा बाहेर आला तो लांबलचक भेगांतून. माणसांनी पाहिलेल्या अशा सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक म्हणजे १७८३ चा आइसलँडमधला लाकी: २७ किलोमीटरची भेग आणि आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा. दख्खनचे मोठे प्रवाह याच्या कित्येक पट होते. एकूण लाव्हा १० लाख घन किलोमीटरपेक्षा जास्त असावा असा अंदाज आहे.

एवढ्या लांब तो न गोठता गेला कसा? दुधावर साय धरते तशी लाव्हावर साय धरते, आणि ती उत्तम दुलई ठरते. हवाईत मोजल्यावर दिसलं की साय एक मीटर जाड व्हायला आठवडा लागतो, पाच मीटरला सहा महिने आणि दहा मीटरला जवळपास दोन वर्षं. खाली रस वाहत राहतो आणि किलोमीटरमागे फार तर एखादा अंश निवतो. मागून नवा रस सायीखाली शिरला की सुरुवातीला वीतभर जाडीचा लाव्हा टम्म फुगून कित्येक मीटरचा होतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचे बेसॉल्ट रसायनाने पश्चिम घाटातल्या थरांशी इतके जुळतात, की ते इथूनच हजारेक किलोमीटर वाहत गेले असं मानलं जातं.

कोणत्याही घाटाच्या कापलेल्या कड्यापाशी उभं राहून एक प्रवाह खालून वर वाचता येतो. अगदी तळाशी बोटभर जाडीच्या, सळईसारख्या उभ्या पोकळ्या: वायू वर चढताना अडकले त्या जागा. मग घट्ट, काळा, खांबांसारखे तडे गेलेला पोटाचा भाग. हाच खडीला लागतो, आणि कडाही हाच धरतो. त्याच्या वर बुडबुड्यांचा सच्छिद्र भाग, कारण वायू वर जाऊन सायीखाली अडकले. तो मऊ, लवकर झिजतो, म्हणून तिथे उतार आणि झाडी. कडा, उतार, पुन्हा कडा, अशा पायऱ्या. या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातलं ‘ट्रॅप’ हे नाव पायऱ्यांच्या स्वीडिश शब्दावरूनच आलं. दोन प्रवाहांच्या मधे अनेकदा हात-दोन हात जाडीचा लालभडक, गेरूसारखा थर असतो. तो म्हणजे पुढचा लाव्हा येईपर्यंत कुजलेला, माती झालेला खालचा माथा. नागपूर, मुंबईकडे अशाच मधल्या काळात तळी साचली. मलबार हिलच्या थरांत त्या तळ्यांतल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत.

बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे पाण्याने भरल्या. त्यात झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट वाढलं. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक याच पोकळ्यांतून नेतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र या थरांचं मोल वेगळं आहे. मुरूम आणि त्याखालचा सच्छिद्र मांजऱ्या खडक पाणी धरतो. काळा पाषाण, म्हणजे प्रवाहाचं घट्ट पोट, तडे नसतील तर थेंबही देत नाही. लाल थर चिकणमातीसारखा असला तर पाणी अडवतो आणि झरा त्याच्या माथ्यावरून फुटतो. बोअर घेताना ढासळून पाइप अडकतो तोही बऱ्याचदा याच लाल थरात. डाइक मधे आडवा आला तर भूजल एका बाजूला तुंबतं आणि दुसरी बाजू कोरडी राहते. त्याच्या कडा फुटलेल्या असल्या तर त्याच कडेने पाणी वाहतं. तीनशे फूट कोरडं गेलेलं बोअर आणि शेजारी पन्नास फुटांवर पाणी लागलेली विहीर यांच्यात अनेकदा फरक इतकाच असतो, की बोअर एका प्रवाहाच्या पोटात उतरलं आणि विहीर दोन प्रवाहांच्या सांध्यावर.